सगळ्यांचा पासवर्ड एक जून

कॉलेजच्या ऑफिसात फायली कमी आणि किस्से जास्त साठतात. फायलींचं बरं असतं, दहा वर्षं झाली की यादी करून जाळून टाकता येतात. किश्श्यांना ती सोय नाही. मी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी नारायणगावच्या स्टँडवर चहाला चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "भाऊसाहेब, ते प्रिन्सिपॉलांच्या मोबाईलचं सांगा की राव!"

मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. पण खरं सांगू का? ज्या वर्षाचे हे किस्से आहेत, त्या वर्षी यमुना नावाच्या एका पोरीची बी.एस्सी.ची सीट गेली, आणि ती माझ्यामुळं गेली. टपरीवर मी तेवढं गाळून सांगतो. आज गाळत नाही.

* * *

कॉलेजचं नाव घेत नाही, उगाच त्या बिचाऱ्यांची बदनामी. ओतूरच्या बाजूला होतं एवढं पुरे. मी तिथं क्लार्क. दोन हजार सहाच्या सुमाराला वरून पत्र आलं, यंदापासून ॲडमिशन ऑनलाईन. प्रत्येक पोराचं वेबसाईटवर खातं, खात्याला युजर नंबर, नंबराला पासवर्ड. आमचे हेडक्लार्क तात्या. त्यांनी ते पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं, आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "तुझं इंग्लिश बरंय. तू जा पुण्याला."

तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. पहिल्या दिवशी मी पहिल्या बाकावर, वही-पेन घेऊन. दुसऱ्या दिवशी जेवणात गुलाबजाम होते. जेवलो, आणि एसीत असा डुलका लागला की जाग आली तेव्हा शिकवणारे विचारत होते, "क्लिअर?" सगळे म्हणाले, "क्लिअर!" मीपण म्हणालो. तिसऱ्या दिवशी तर गेलोच नाही. हडपसरला मेव्हण्याकडं नवीन टीव्ही आला होता, आणि मॅच होती.

परत आलो तर प्रिन्सिपॉल सरांनी विचारलं, "जमेल ना हो?"

"सर, काय नाय त्यात! एकदम सोप्पं!"

त्या दिवसापासून मी कॉलेजचा कॉम्प्युटरमास्तर. तात्या पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "हा आमचा भाऊसाहेब, पुण्याला शिकून आलाय." तेव्हा छाती फुगायची. आता आठवलं की कान गरम होतात. तिसऱ्या दिवशी काय शिकवलं, ते मला पुढं कळलं. पासवर्ड बदलायचा कसा, आणि चुकून रद्द झालेली ॲडमिशन परत आणायची कशी!

* * *

आता मोबाईलचं.

फॉर्मात मोबाईल नंबराचा रकाना होता, आणि तो रिकामा ठेवला की पुढचं पान उघडायचंच नाही. पोरांकडं कुठले मोबाईल? मी डोकं चालवलं. कॉलेजातला सगळ्यात जबाबदार माणूस कोण? प्रिन्सिपॉल! ज्याच्याकडं मोबाईल नाही, त्याच्या फॉर्मात सरांचा नंबर ठोकून दिला. सरांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

आठवड्यानं संस्थेची मीटिंग. सर बोलायला उभे राहिले आणि खिशात टुण. दोन वाक्यं झाली, परत टुण. मग टुण टुण टुण. सरांचा चष्मा केबिनमध्ये राहिलेला. त्यांनी फोन शेजारी बसलेल्या अध्यक्षांच्या हातात दिला. "बघा बरं, घरचं काही अर्जंट असेल."

अध्यक्षांनी सगळ्या सभेपुढं खणखणीत आवाजात वाचलं, "डिअर स्टुडंट कुमारी मंदा, तुमची बारावीची मार्कलिस्ट जोडायची राहिली आहे."

अध्यक्षांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "सर, मार्कलिस्ट जोडून या. आम्ही थांबतो!"

सर मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अहो, विचारायचं तरी एकदा." पण त्या दिवसापासून त्यांनी मेसेज वाचायचंच सोडून दिलं. पोरांचे सगळे निरोप त्यांच्या खिशात येत राहिले आणि खिशातच राहिले.

* * *

पासवर्डचा नियम सोपा होता. ज्याची त्याची जन्मतारीख. पुण्यातल्या कुठल्यातरी हुशार माणसानं काढलेला नियम. त्या माणसानं आमच्याकडची झेडपीची शाळा बघितलेली नव्हती.

आमच्याकडं पोरगं शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे, "कधीचा जन्म?" बाप सांगायचा, "भुईमूग काढायला आला व्हता बघा." मग गुरुजी पोराला म्हणायचे, डोक्यावरून हात ने आणि पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, आणि रजिस्टरला तारीख पडायची एक जून! माझी एक जून, तात्यांची एक जून, प्रिन्सिपॉल सरांची एक जून. आमच्या शिपायाची सुद्धा.

यमुना फॉर्म भरायला आली ती एकटीच. जुन्नरच्या पार पश्चिमेला, घाटाच्या अलीकडं, भाताच्या खाचरांमधली वाडी तिची. बारावी सायन्सला चांगले मार्क. पण वाडीवरून दिवसाला एकच एसटी, ती अकरानंतर पोचायची, आणि आमची प्रॅक्टिकल साडेसातला सुरू. म्हणजे मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच शिक्षण. वसतिगृहवाले म्हणत होते, आधी कॉलेजची ॲडमिशन स्लिप आण. म्हणजे तिचं सगळं त्या एका कागदावर अडलेलं.

मी तिचा फॉर्म भरला. युजर नंबर लिहून दिला, अकराशे सेहेचाळीस. पासवर्ड एक जून अठ्ठ्याऐंशी.

ती म्हणाली, "भाऊसाहेब, ह्यो पासवर्ड कुनाला सांगायचा न्हाई ना?"

"अजिबात नाही! आपल्या मनात ठेवायचा."

"पन आमच्या वर्गातल्या समद्यांची तारीख हीच हाय की."

मी हसलो. म्हणालो, "पुढची बोलव." पोरीनं पहिल्याच दिवशी भोक दाखवलं होतं, आणि पुण्याला शिकून आलेल्या माणसानं तिला हसून वाटेला लावलं.

* * *

नारायणगावचे कांतीशेठ, कापडवाले. मूळ राजस्थानातलं घराणं, पण मराठी आमच्यापेक्षा गोड. ते मुलाला, दर्शनला, घेऊन आले आणि खिशातून कुंडलीच काढली. "भाऊसाहेब, आमच्यात तारखेचा घोळ नसतो. चौदा सप्टेंबर, सकाळी सहा वाजून बारा मिनिटं!"

मला काय आनंद झाला! अख्ख्या ॲडमिशनमध्ये खरी जन्मतारीख असलेला पहिला प्राणी. उत्साहानं टाकली. खातं उघडेना. परत टाकली. नाही. शेठजींनी स्वतः टाकली, मग दर्शननं टाकली. वेबसाईट म्हणे, पासवर्ड चुकीचा!

शेवटी तात्यांनी शाळेचा दाखला हातात घेतला, बघितला आणि माझ्यापुढं सरकवला. दर्शनलाही आमच्याच गुरुजींनी शाळेत घेतलं होतं.

एक जून टाकली. फटक्यात उघडलं!

शेठजी कुंडलीची घडी घालत म्हणाले, "म्हणजे खरं बोललं तर दार बंद, होय?"

* * *

गुणवत्ता यादी लागली तेव्हा तात्या म्हणाले, सरकारी कामात लपवाछपवी नको. म्हणून नोटीस बोर्डावर प्रत्येकाच्या नावापुढं युजर नंबर, आणि खाली ठळक सूचना, 'पासवर्ड म्हणजे आपली जन्मतारीख.' वर गोल शिक्का.

दुसऱ्याच दिवशी पेठचा संपत ऑफिसात घुसला. संपत म्हणजे पैलवान गडी, दारातून तिरका होऊन आत यायचा. एफ.वाय.बी.ए.ला त्यानं राज्यशास्त्र घेतलेलं. दोस्तांनी नारायणगावच्या सायबर कॅफेत बसून बोर्डावरचा नंबर टाकला, एक जून टाकली, आणि त्याचा विषय करून ठेवला होम सायन्स! वर कन्फर्म. नियम असा की कन्फर्म केलेला विषय वर्षभर बदलायचा नाही.

"भाऊसाहेब, समद्या पोरी हायेत वर्गात! बाई म्हनत्यात, उद्या एप्रन घेऊन ये!"

मी म्हणालो, "मग?"

संपतनं खाली बघितलं. "एप्रन बसंना मला. शिवून घ्यावा लागंल."

वर्षाच्या शेवटी संपत त्या विषयात कॉलेजात पहिला आला. हा किस्सा मी रंगवून सांगतो. पण त्या दिवशी संपत गेल्यावर तात्या काय म्हणाले, ते सांगत नाही.

तात्या म्हणाले, "अरे, सगळ्यांच्या कुलपाला एकच किल्ली झाली ही. हसण्यावारी नको नेऊ. सगळ्यांचे पासवर्ड बदल."

"करतो ना तात्या. सोमवारी."

कसं करायचं ते मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही असं म्हणायची लाज वाटली. चार लोकांत विचारायला लाजलो, आणि जन्मभराची लाज पदरात घेतली.

* * *

बुधवारी ओतूरच्या राहुलचा फोन आला. त्याचा डिप्लोमाला नंबर लागला होता. "भाऊसाहेब, माझी तिथली बी.ए.ची ॲडमिशन रद्द करा, मला दाखला पाहिजे." नंबर सांगितला अकराशे चौसष्ट.

मी टाकला अकराशे सेहेचाळीस. पासवर्ड एक जून अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या कुठल्या गावात वेबसाईटनं मला तिथंच हाकललं असतं, नंबर एकाचा आणि तारीख दुसऱ्याची म्हणून. आमच्याकडं उघडलं. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, पान वरून खाली यायला दोन-दोन मिनिटं. नाव अजून यायचं होतं, बटण आधी आलं. मी दाबलं आणि चहाला गेलो.

यमुनाला निरोप गेला असणार. सरांच्या खिशात.

गुरुवारी ती खिडकीशी आली. हातात वसतिगृहाचा फॉर्म. "भाऊसाहेब, स्लिप द्या, सोमवारी तिथं भरायचीय." मी खातं उघडलं. नाव आलं, फोटो आला, आणि खाली लाल अक्षरात 'रद्द'. रद्द करणाऱ्याच्या जागी माझं नाव; ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून केलं की ते आपोआप पडायचं.

बुधवारचा नंबर मला आठवला. आणि तोंडातून काय निघालं? "कॉम्प्युटरनं केलंय गं. वरूनच झालंय."

ती पडद्याकडं बघून म्हणाली, "मग कॉम्प्युटरला सांगा ना भाऊसाहेब, मी आलीय म्हनून."

* * *

तात्यांनी पडद्यावरचं माझं नाव वाचलं आणि पुण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, काही अवघड नाही. प्रिन्सिपॉलांच्या सहीनं पत्र पाठवा, 'आमच्या क्लार्कच्या चुकीनं रद्द झालं.' शनिवारी पाचच्या आत फॅक्स आला की ॲडमिशन जशीच्या तशी. पण तोवर वेटिंगवाल्यानं कन्फर्म केलं, तर सीट त्याची. आणि वर म्हणाला, "हे ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी सांगितलंय की!"

तात्यांनी रिसिव्हर ठेवला आणि ते माझ्याकडं वळले.

मग म्हणाले, "सर उद्या गावाला चाललेत, मी पण शनिवारी लग्नाला. कोऱ्या लेटरहेडवर सरांची सही घेऊन ठेवतो. तू दोन ओळी लिही. चूक कबूल केली म्हणून कोणी फासावर देत नाही."

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. वेटिंगला पहिलं नाव विकासचं होतं. विकास म्हणजे माझा भाचा. माझी बहीण आंबेगाव तालुक्यात दिलेली, तिचा मुलगा शिकायला आमच्याकडं राहायला आलेला. देवाशपथ सांगतो, बटण दाबताना हे माझ्या मनात नव्हतं. पण वेटिंगची यादी पुढं सरकली, आणि शुक्रवारी सकाळी बहिणीचा फोन आला. रडत होती आनंदानं. "दादा, नंबर लागला रे विकासचा! तू हाईस म्हनून झालं!" तिनं पेढे वाटलेसुद्धा होते.

मी तिला काय सांगायला पाहिजे होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणालो, "अभिनंदन."

* * *

शनिवारी यमुना सकाळीच आली. आदल्या दिवशी जुन्नरला नातेवाइकांकडं मुक्काम केला होता, एसटी चुकू नये म्हणून. खिडकीसमोरच्या बाकावर बसली. लाईट गेलेली, लोडशेडिंग. मी म्हणालो, "लाईट आली की फॅक्स करतो." ती म्हणाली, "बसते मी."

सही केलेला कोरा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तीनदा काढला. एकदा तारीख घातली. 'आमच्या' एवढा शब्द लिहिला आणि पेन थांबलं. एकीकडं मेमो, एकीकडं बहीण, आणि समोर ती पोरगी. डबा उघडायची हिंमत होईना. तिनं आणलेली भाकरीसुद्धा फडक्यात तशीच.

तीन वाजता पंखा फिरायला लागला. तिनं वर बघितलं आणि उभीच राहिली. "लाईट आली, भाऊसाहेब!"

मी म्हणालो, "फॅक्सची लाईन बंद आहे."

ती खाली बसली. साडेचारला मी कॉम्प्युटर लावला. तिला वाटलं, तिचंच चाललंय. तिनं हात जोडले होते, मला खिडकीतून दिसत होतं. मी विकासचा नंबर टाकला, एक जून टाकली, आणि कन्फर्म केलं. हे मी केलं. माझ्या हातानं, तिच्यासमोर. चुकून नव्हे.

पाच वाजले तेव्हा मी मान हलवली. ती रडली नाही. पिशवी उचलली, जाताना खिडकीशी थांबली. "तुमी आज जेवला न्हाई, भाऊसाहेब. माझ्यापायी."

सोमवारी तात्यांनी विचारलं. मी म्हणालो, "फॅक्स केला, पण त्यांनी ऐकलं नाही." तात्यांनी माझा ड्रॉवर ओढला. कागद तिथंच पडला होता, वर तारीख आणि एक शब्द. त्यांनी तो फाडला, तुकडे शर्टाच्या खिशात टाकले आणि जागेवर जाऊन बसले. रिटायर होईपर्यंत त्यांनी परत कोणाला माझी ओळख करून दिली नाही.

* * *

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. एक म्हातारासा माणूस ऑफिसात आला. धोतर, खांद्यावर गाठोडं. दारातच चपला काढल्या. मी म्हणालो, "आत या पावणं, चपला राहू द्या." पण त्यानं काढल्याच.

"यमुनेचा बाप मी."

मला वाटलं, कळलं ह्याला. आता चार लोकांत माझी काढणार. आणि खरं सांगतो, काढली असती तर बरं झालं असतं.

त्यानं गाठोडं माझ्या पायाशी ठेवलं. "नवा आंबेमोहर हाय, वावरातला. पोरगी सांगत व्हती, भाऊसाहेब दिवसभर उपाशी ऱ्हायलं माझ्यासाठी. आजकाल कोन करतंय ओ, परक्याच्या लेकीसाठी?"

तात्या फायलीतून वर बघत होते.

मी विचारलं, "यमुना काय करते आता?"

"नारायनगावला जाती, टोमॅटोचं क्रेट भराया. मावशीकडं ऱ्हाती. म्हनती, पुढल्या साली बघू." मग हसून म्हणाला, "तुमी हाईत की हितं."

मी 'नको' म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तर तो हात जोडून निघालासुद्धा.

गाठोडं घरी नेलं. बायकोनं त्याच दिवशी भात टाकला. वास अंगणापर्यंत गेला. आम्ही जेवायला बसलो. मी, शेजारी विकास, त्याचं प्रॅक्टिकलचं जर्नल तिथंच भिंतीला टेकवून ठेवलेलं. भुकेजलेला होता. पहिली वाढ त्यानं बघता बघता संपवली.

"मामी, लई भारी तांदूळ हाय गं! कुठनं आनला?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "कॉलेजातल्या एकानं दिला."

"अजून वाढ की!"

ती ताक घुसळत होती, हात भरलेले. मग मीच उठलो, पातेलं घेतलं, आणि त्याला वाढला.